ओसरीतली जुनी माउंटन बाइक घ्यावी का?

अचलपूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे घर शाळेपासून अकरा किलोमीटरवर आहे. त्यातले सात किलोमीटर डांबरी आणि शेवटचे चार पांदण रस्त्याचे. गावातील एका निवृत्त अभियंता काकांकडे ट्रेक कंपनीची जुनी माउंटन बाइक आहे. त्यांच्या भावाने ती अमेरिकेहून परतताना आणली होती आणि गेली बारा-तेरा वर्षे ती ओसरीत उभी आहे. फ्रेमवर ‘क्रोमोली’ अशी पट्टी आहे, शॉकअप नाही, पुढे तीन आणि मागे सात गिअर आहेत, पण ते पडत नाहीत. काका नऊ हजार रुपये म्हणतात, तर परतवाड्यात शॉकअप आणि डिस्क ब्रेकची नवी सायकल चौदा हजारांना मिळते. वाचकांची उंची पाच फूट पाच इंच आहे, कधीतरी चिखलदऱ्याचा घाट चढण्याची त्यांची इच्छा आहे आणि त्यांच्या वडिलांचे म्हणणे असे की, एवढ्या पैशांत जुनी मोटरसायकल पाहावी.

गुरुजी, नमस्कार.

उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. सायकल पाहायला अवश्य जा, मात्र पहिल्या खेपेला पैसे बरोबर नेऊ नका. फ्रेम तुमच्या मापाची असेल, ती सरळ आणि निर्दोष असेल, आणि सीट पिलर (सीटखालचा दांडा) व हँडलचा स्टेम (हँडल धरणारा दांडा) आपापल्या नळीत मोकळे हलत असतील, तर ही जुनी सायकल तुमच्या रस्त्याला चौदा हजारांच्या नव्या सायकलीपेक्षा अधिक योग्य ठरेल. या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट चुकली, तर काकांनी ती फुकट दिली तरी आणू नका. टायर, चेन, तारा, ब्रेकचे रबर, न पडणारे गिअर, हे सगळे खर्चाचे प्रश्न आहेत आणि ते किंमत ठरवताना सुटतात. वरच्या तीन गोष्टी मात्र आपल्या भागात पैसे टाकूनही सहसा दुरुस्त होत नाहीत.

ही सायकल बघण्याजोगी का आहे, हे आधी सांगणे योग्य होईल. माउंटन बाइक हा प्रकार खराब वाटांसाठीच घडला. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारांवरून शर्यती लावत असत. त्यांच्यापैकी जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बांधली, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने स्टम्पजंपर ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार केलेली माउंटन बाइक बाजारात आणली. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतल्या चांगल्या सायकलींच्या फ्रेम बहुधा क्रोमोलीच्या, म्हणजे सुमारे एक टक्का क्रोमियम आणि किंचित मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या असत. साध्या पोलादापेक्षा ते बरेच मजबूत असल्याने नळीची जाडी कमी ठेवता येते, आणि म्हणून फ्रेम हलकी होते व खडबडीत रस्त्यावर थोडी लवचीकही राहते. फ्रेमवरची पट्टी मात्र नीट वाचा, कारण मधल्या किमतीच्या सायकलींत अनेकदा केवळ तीन मुख्य नळ्या क्रोमोलीच्या आणि चिमटा (पुढचे चाक धरणारा) व मागच्या बारीक नळ्या साध्या पोलादाच्या असतात. त्यामुळे सायकल वाईट ठरत नाही, किंमत मात्र त्या मानाने उतरते.

शॉकअप नसणे ही उणीव असल्यासारखे तुम्ही लिहिले आहे. मला ती जमेची बाजू वाटते. १९९० च्या आगेमागे जे पहिले शॉकअप निघाले, त्यांपैकी बऱ्याचशांत रबरासारख्या इलॅस्टोमरच्या गुट्ट्या बसवल्या जात. इतक्या वर्षांत त्या कडक होतात किंवा चुरा होऊन पडतात, आणि त्या काळचे सुटे भाग आता परतवाड्यातच काय, नागपुरातही शोधून सापडणार नाहीत. चौदा हजारांच्या नव्या सायकलीतला शॉकअप म्हणजे बहुधा नुसती स्प्रिंग असते. तिला धक्का जिरवणारी यंत्रणा नसते, वजन मात्र चांगलेच असते. पांदणीचे धक्के दोन इंची टायर आणि बेताची हवा पुष्कळच सोसून घेतात. मागच्या चाकाकडेही लक्ष द्या. स्वस्त नव्या सायकलींत फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आट्यांनी बसवलेले असते, त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे बरेच आत राहतात, ॲक्सलचा एक तुकडा आधाराविना सुटतो आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तो वाकतो किंवा तुटतो. शिमानोच्या त्या काळच्या बऱ्या हबमध्ये छर्रे अगदी कडेपर्यंत सरकवलेले असतात, म्हणून तो ॲक्सल जास्त टिकतो.

आता पहिली कसोटी. तुमच्या पत्रात सगळा तपशील आहे, फक्त फ्रेमचे माप नाही, आणि तेच सर्वांत आधी हवे होते. पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या मधल्या ॲक्सलच्या मध्यापासून उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत टेप लावा. तुमच्या उंचीला सोळा ते साडेसतरा इंच हे माप बसते, अठरा ही शेवटची मर्यादा समजावी. अमेरिकेत वीस-बावीस इंची फ्रेमही भरपूर विकल्या जात, त्यामुळे आणणाऱ्याची उंची किती होती हे काकांना सहज विचारून घ्या. शाळेत घालता तेच बूट घालून आडव्या दांडीवर दोन्ही पाय टेकून उभे राहा. दांडी आणि जांघ यांच्यामध्ये किमान दोन इंच अंतर हवे, कारण काळ्या मातीत चाक रुतून सायकल एकदम थांबते तेव्हा पाय खाली टेकवायला तेवढीच जागा मिळते. त्या काळच्या सायकलींचे हँडल दूर आणि खाली असते. हात पूर्ण ताणावे लागत असतील, तर रोजच्या बावीस किलोमीटरमध्ये पाठ आणि मान दुखू लागेल. हँडलचा स्टेम वर उचलता येतो, पण त्यावर कोरलेल्या मर्यादारेषेपलीकडे कधीही नाही.

दुसरी कसोटी सीट पिलरची. इथे घाई करू नका. पिलर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि नळी पोलादाची. हे दोन धातू ओलाव्यात वर्षानुवर्षे एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी पूड बनते, ती मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते आणि पिलर आत पाचरीसारखा घट्ट बसतो. बारा-तेरा पावसाळे ओसरीत उभ्या राहिलेल्या सायकलीत हे होण्याचा संभव बराच आहे. पिलर नळीत जिथे शिरतो तिथे आधी चिकटपट्टी लावून खूण करा, सीटचा बोल्ट एलन कीने पूर्ण ढिला करा, बरोबरच्या माणसाला हँडल आणि पुढचे चाक घट्ट धरायला सांगा, आणि सीटचे टोक व मागची बाजू दोन्ही हातांनी पकडून डावीकडे-उजवीकडे पिळा. किंचित कुरकुरून पिलर फिरला तर तो पूर्ण बाहेर काढा, त्यावर कोरलेला आकडा लिहून घ्या आणि सायकल उलटी करून उभी नळी कागदावर हलकेच ठोका. तांबूस भुकटी पडली तर काळजीचे कारण नाही. पापुद्रे पडले, तर नळी आतून खाल्ली गेली आहे. कागदावरचा आकडा जपून ठेवा. २६.८ आणि २७.२ मिलिमीटर ही मापे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण चुकीचा पिलर एक तर आत जात नाही किंवा बसताना खाली सरकत राहतो.

पिलर हललाच नाही तर काकांच्या परवानगीने गंज सोडवणारे पातळ तेल कडेने सोडा आणि आठवडाभराने पुन्हा या. तेव्हाही तो जागचा हलला नाही, तर तिथेच थांबा. आहे त्या उंचीवर तो तुम्हाला योग्य बसत असेल तरीही माझे मत हेच राहील, कारण मग आतला गंज पाहता येत नाही आणि कधी ना कधी तो काढण्याची वेळ आलीच, तर पाइप पाना आणि हातोडा लावून पातळ नळी चिरण्याचीच शक्यता अधिक असते. हँडलच्या स्टेमची तपासणी अशीच करावी. वरचा बोल्ट चार-पाच फेरे सैल करून त्यावर लाकडी ठोकळा ठेवून एक बेताचा ठोका द्यावा, म्हणजे आतली पाचर सुटते आणि हँडल चाकाला न जुमानता फिरते.

तिसरी कसोटी फ्रेमची आहे आणि ती दिवसाच्या उजेडात करावी, कारण ओसरीच्या अंधारात तडे दिसत नाहीत. तिरप्या नळीच्या खालच्या बाजूवरून, हँडलच्या नळीपासून साधारण एक वीत अंतरापर्यंत, बोट सावकाश फिरवा. तिथे रंगावर बारीक लाटा किंवा फुगवटा लागला, तर ती सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. मग सुताचा मजबूत दोरा घ्या. मागच्या ॲक्सलच्या एका बाजूला बांधून तो हँडलच्या नळीवरून वळवा आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच ताणाने बांधा. उभ्या नळीपासून दोन्ही दोऱ्यांचे अंतर पट्टीने मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून अधिक असेल तर मागची बाजू वाकलेली आहे. सीटच्या जोडाखाली, पॅडलच्या ॲक्सलभोवती आणि मागचे चाक जिथे बसते त्या पट्ट्यांवर केसासारखी तांबूस रेघ दिसते का, तेही पाहा. कुठेही वेल्डिंगचा डाग दिसला तर सरळ नकार द्या. ट्रॉली आणि वखर जोडणारे आपले वेल्डर त्यांच्या कामात निष्णात आहेत, पण क्रोमोलीच्या फ्रेममध्ये नळीच्या मधल्या भागाची जाडी कित्येकदा एक मिलिमीटरहूनही कमी असते. तिथे विजेच्या वेल्डिंगची काडी टेकली की भोक पडते किंवा शेजारचा धातू ठिसूळ होतो.

या तिन्ही कसोट्यांवर सायकल उतरली, तर उरलेली पाहणी अर्ध्या तासाची आहे. गिअरची कळ दाबल्यावर बोट नुसतेच पुढे जात असेल आणि आत काही अडकत नसेल, तर बहुधा जुने ग्रीस वाळून घट्ट झाले आहे. गंज सोडवणारे तेच पातळ तेल दोन-तीनदा मारून कळ पुन्हा पुन्हा दाबल्यावर ती अनेकदा चालू होते. नाहीच झाली तर सात गिअरची साधी कळ नवी मिळते. चेनच्या बारा इंचांत चोवीस कड्या येतात, हे माप नव्या चेनीत ३०४.८ मिलिमीटर भरते. ते ३०६ च्या पुढे गेले असेल तर चेन बदला, आणि ३०८ च्या आसपास पोहोचले असेल तर मागच्या चकत्यांचाही खर्च धरा. सायकल नेमकी कधीची हे जाणून घ्यायचे असेल तर क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्याच्या, मागच्या बाजूला शिमानोने कोरलेली दोन रोमन अक्षरे शोधा. पहिले अक्षर वर्षाचे असते आणि ती गणना १९७६ पासून सुरू होते, म्हणजे ‘ओ’ असल्यास १९९०, ‘पी’ असल्यास १९९१. दुसरे अक्षर महिन्याचे. सुटा भाग नंतर बदललेला असू शकतो, म्हणून दोन-तीन भागांवरची अक्षरे ताडून पाहा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी काटकसर करू देणार नाही. तुम्ही वर्णन केल्याप्रमाणे मधली तार दोन्ही बाजूंना ओढते, म्हणजे हे कँटिलिव्हर ब्रेक आहेत. सगळ्या तारा आणि त्यांची आवरणे, तसेच चारही रबर, जुने कितीही चांगले दिसले तरी बदलायचेच. पुढेमागे व्ही-ब्रेक (लांब भुजांचे नंतरचे ब्रेक) बसवावेसे वाटले, तर हँडलवरच्या ब्रेकच्या मुठीही (लिव्हर) त्यांच्याच घ्याव्या लागतील, कारण जुन्या मुठी तेवढी तार ओढत नाहीत आणि ऐन उतारावर ब्रेक अर्धाच लागतो. रिमच्या कडेवर, जिथे रबर घासते तिथे, पट्टी उभी धरा. पट्टी आणि रिम यांच्यात खोलगट फट दिसली तर रिम झिजलेली आहे आणि ती बदलल्याशिवाय घाटाचे नाव काढू नये.

टायर पाहण्यातही वेळ घालवू नका. बारा-तेरा उन्हाळे काढलेले विदर्भातले रबर वरून धड दिसले तरी दुमडल्यावर चिरा दाखवते. नवे टायर २६ × १.९५ किंवा २६ × २.१० या मापाचे घ्या. दुकानात ‘२६ इंची रेंजरचा टायर’ म्हटल्यावर बहुधा तोच पुढे येईल, पण आकडा स्वतः वाचा, कारण लेडीज सायकलीचा २६ × १ ३/८ हा टायरही छब्बीसचाच म्हणवला जातो आणि तो या रिमवर बसत नाही. ट्यूबला मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर गावातला साध्या सायकलीचा पंप त्याला लागणार नाही, म्हणून योग्य पंप त्याच दिवशी घ्या. संत्र्याच्या बगिच्यांच्या कुंपणालगत पडलेले बाभळीचे काटे आणि पावसाळा संपल्यावरचे सराटे तुम्हाला ठाऊकच आहेत. पंप, एक जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान पिशवीत असल्याशिवाय पांदणीला लागू नये. मडगार्ड लावायचे असतील तर टायरपासून दोन बोटे वर लावा, नाहीतर श्रावणात काळी माती आत गच्च भरून चाक फिरेनासे होईल.

गावातला मिस्त्री ही सायकल हाताळेल का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा होता. छर्रे त्याच्याकडे मिळतील. मागच्या चाकाचे पाव इंची आणि पुढचे तीन-सोळांश इंची, ही मापे सर्वत्र चालतात. त्याच्याकडे नसणारी अवजारे दोन, क्रँक ओढून काढणारा पुलर आणि मागच्या चकत्या सोडवणारी किल्ली. ती तुम्ही स्वतः विकत घेऊन त्याच्याकडे न्या आणि कामाच्या वेळी शेजारी बसा. क्रँकवर हातोडा मारू देऊ नका.

आता किंमत. काकांच्या मनात अमेरिकेहून आलेली वस्तू आहे आणि तिच्याशी भावाची आठवण जोडलेली आहे, ते मी समजू शकतो. परंतु या प्रकारच्या ट्रेक सायकली मोठ्या संख्येने बनल्या, त्यांना संग्राहकांचा भाव मिळत नाही, आणि ही तर सध्या चालतही नाही. टायर-ट्यूब, तारा, रबर, चेन आणि संपूर्ण ओव्हरहॉलिंग यांचे आजचे भाव परतवाड्यातून लिहून आणा आणि तो कागद काकांसमोर ठेवा. वडीलधाऱ्या माणसाशी घासाघीस करण्यापेक्षा हे सोपे जाते आणि त्यांचा मानही राखला जातो. किंमत आणि दुरुस्ती मिळून दहा हजारांच्या आत बसले पाहिजे, अशी मर्यादा मी घालीन, कारण त्यापुढे गेल्यावर हमीसह मिळणारी नवी सायकल फार दूर राहत नाही. त्या हिशेबाने सायकलीचे पाच हजारांहून अधिक देऊ नयेत. अशी फ्रेम भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊ नये असे मला मनापासून वाटते, तरीही या आकड्यावर ठाम राहा.

तुमच्या बाबांचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. घरात दुसरे कोणतेच वाहन नसेल, तर रात्री-अपरात्री दवाखान्यात जाण्यासाठी सायकल पुरेशी नाही, आणि तसे असेल तर आधी मोटरसायकलच पाहा. वाहन घरात असेल तर प्रश्न फक्त शाळेच्या वाटेचा उरतो, आणि ती वाट सायकलीची आहे. अडचण येईल ती मार्च-एप्रिलमध्ये, सकाळची शाळा सुटल्यावर दुपारच्या उन्हात परतताना. ते दिवस मोटरसायकलसाठी राखून ठेवा.

सौदा ठरला तर काकांकडून साध्या कागदावर पावती घ्या. सायकलीला आरसी बुक नसते, म्हणून पॅडलच्या ॲक्सलखाली कोरलेला फ्रेम नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या तिच्यावर असाव्यात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. पुढे सर्वांत लहान आणि मागे सर्वांत मोठी चकती लावली की पॅडलच्या एका फेऱ्यात चाकही जवळजवळ एकच फेरा घेते, त्यामुळे चढण तुम्ही हळूहळू पार कराल. प्रश्न परतीच्या उताराचा आहे. तेव्हा आधी महिनाभर शाळेच्या वाटेवर सायकल चालवा, नव्या तारा ताणून सैल पडतील त्या मिस्त्रीकडून पुन्हा आवळून घ्या, आणि उताराला लागण्यापूर्वी वरच्या गावातच थांबून दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा.